केंब्रिजमधलं जातं

मंडळी, केंब्रिज आपल्याला नवीन नाही. भारतातून पाहुणे आले की एक दिवस विंडसर, एक दिवस स्ट्रॅटफर्ड आणि एक दिवस केंब्रिज हा बहुतेक घरांतला ठरलेला कार्यक्रम. पहाटे उठून पुऱ्या-भाजीचा डबा भरायचा, एम-इलेव्हनवरून ट्रम्पिंग्टनच्या पार्क अँड राइडला गाडी लावायची आणि बसने गावात शिरायचं. मग नदीत पंटिंग, किंग्ज कॉलेजसमोर फोटो आणि आपलं नेहमीचं भाषण: “हे सेंट जॉन्स. आमच्या कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथराव परांजपे इथेच १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. आणि १९५७ साली शिकायला आलेले जयंत नारळीकर पुढे या किंग्जचे फेलो होते बरं का!” पाहुणे माना डोलावतात, आपली छाती दोन इंच फुगते आणि अंधार पडायच्या आत आपण घरी परत.

मीही असं केंब्रिज सहा-सात वेळा ‘करून’ आले होते. पण गेल्या दोन वर्षांत मला एक निराळंच केंब्रिज भेटलं, आणि ते डोळ्यांनी पाहायचं नव्हतं. माझी धाकटी लेक तिथे संगीत शिकते. (कॉलेजचं नाव लिहीत नाही, नाहीतर ती माझ्याशी बोलायची नाही.) ही बातमी पुण्याला कळवली तेव्हा फोनवर थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग मोठे दीर म्हणाले, “वा! आणि मेन सब्जेक्ट काय घेतलाय?”

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. मी स्वतः पुण्याला विशारदपर्यंत गाणं शिकले. १९९१ साली इकडे आले, नोकरी, मुलं, मॉर्गेज या रगाड्यात तंबोरा गवसणीत गेला तो गेलाच. गाणं ही घरी, दिवेलागणीला करायची गोष्ट. त्याची युनिव्हर्सिटीत डिग्री, तीही केंब्रिजला, म्हणजे नक्की काय शिकतात? विचारलं की लेक म्हणायची, “आई, सध्या अरेंजिंग चाललंय. क्वायरसाठी.” मला वाटलं, खुर्च्या मांडत असेल!

अरेंजिंग म्हणजे काय, ते मला तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाचे चार कप मांडून समजावलं. क्वायरमध्ये आवाजाचे मुख्य भाग चार. बायकांचे दोन, सोप्रानो आणि आल्टो. पुरुषांचे दोन, टेनर आणि बास. प्रत्येक आवाजाची सोयीची झेप साधारण दीड सप्तकाची. एखादी तयार चाल घ्यायची आणि ती या चौघांत अशी वाटायची की प्रत्येकाला स्वतःची गाता येण्याजोगी ओळ मिळाली पाहिजे, आणि चारी एकदम गायले की ते एकच गाणं वाटलं पाहिजे. यासाठी पोरं आधी बाखची कोरालं घोटतात. चर्चमधल्या साध्या चालींना बाखने दिलेली चार आवाजांची ही रूपं आज साडेतीनशेच्या वर उपलब्ध आहेत. आपल्याकडे पलटे घोटतात तसं हे. एका आवाजाची चाल द्यायची, उरलेले तीन विद्यार्थ्याने भरायचे. नियम कडक. उदाहरणार्थ, दोन आवाज एकमेकांपासून सा-प इतक्या अंतरावर असले, तर तेच अंतर राखून दोघांनी बरोबरीने पुढच्या सुरावर सरकायचं नाही.

“का गं? छान तर वाटतं,” मी म्हटलं.

“छान वाटतं, पण मग दोन माणसं राहत नाहीत. एकाची सावली दुसरा होतो. प्रत्येकाला स्वतःची वाट पाहिजे.”

मला आपल्या मंडळाच्या गणपतीची आरती आठवली. तिथे प्रत्येकाला स्वतःची वाट असते, सा सुद्धा स्वतंत्र असतो. फक्त ते अरेंज केलेलं नसतं!

पहिल्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, “आज पंटिंग नाही. आज ईव्हनसाँगला चल.” साडेपाचच्या आधी बराच वेळ आम्ही किंग्ज कॉलेजच्या रांगेत उभ्या होतो. बोचरा वारा, अंधार पडलेला. दिवसा चॅपल पाहायला तिकीट लागतं. प्रार्थनेला काही लागत नाही, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

सहाव्या हेन्री राजाने १४४६ साली या चॅपलचा पाया घातला आणि दगडी काम संपायला १५१५ साल उजाडलं. आत लांबी सुमारे २८९ फूट, उंची ८० फूट. वर पाहावं तर दगडाचे पंखे उघडून ठेवल्यासारखं छत. दिवसा ते पाहून मान दुखते. पण त्या संध्याकाळी दिवे मंद होते, छत जवळजवळ दिसतच नव्हतं, आणि मग ते ऐकू आलं. सोळा लहान मुलगे आणि कॉलेजात शिकणारे चौदा-पंधरा तरुण, एवढाच तो क्वायर. आल्टोची ओळही इथे पुरुषच गातात. (शेजारच्या सेंट जॉन्सने मात्र २०२२ सालापासून आपल्या क्वायरमध्ये मुली आणि स्त्रिया घेतल्या आहेत.) सूर थांबला तरी छत थांबत नाही, काही सेकंद तो वर फिरत राहतो. “म्हणून इथे भरभर कॉर्ड बदलून चालत नाही,” लेक कानात पुटपुटली. “आधीचा सूर खाली यायच्या आत नवा पाठवला तर चिखल होतो. अरेंज करणाऱ्याने खोलीसुद्धा ऐकायची असते.”

गाणारे समोरासमोर दोन रांगांत उभे होते. एका बाजूने ओळ म्हणायची, दुसऱ्या बाजूने पुढची. मला तर एकदम वारीतली दिंडीच दिसली, दोन्हीकडे टाळकरी आणि मध्ये मोकळी वाट. त्यांची स्तोत्रं मुळात गद्यासारखी, कुठली ओळ लांब, कुठली आखूड. त्यासाठी जी चाल असते ती जेमतेम दहा कॉर्डची. ओळीच्या सुरुवातीच्या कॉर्डवर हवी तितकी अक्षरं बोलल्यासारखी म्हणायची आणि शेवटची काही अक्षरं आली की चौघांनी मिळून पुढे सरकायचं. मध्यावर पुन्हा तसंच. ऐकता ऐकता मी नकळत मांडीवर गोल गोल हात फिरवायला लागले. जात्यावर बसलेल्या बाईचा हात!

आमचं माहेर वाईजवळच्या एका खेड्यातलं. पिठाची गिरणी गावात आली तरी डाळी भरडायला, लग्नाची हळद दळायला घरचं जातं होतं. आई आणि काकू समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुढे न्यायची. अक्षरं कमी-जास्त झाली तरी चाल सगळ्यांना पोटात घेते. चॅपलमधून बाहेर पडून कॉफी घेताना मी हे सगळं लेकीला सांगितलं. ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. “आई, मग तू हे आधी का नाही सांगितलंस?”

का नाही सांगितलं? गाणं म्हणजे ख्याल, गाणं म्हणजे नाट्यपद, असं मी मुलींना सांगत आले. जात्यावरचं ते गाणं असतं, हे मलाच कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या वर्षी तिला एक काम मिळालं: कोणतीही लोकगीताची चाल घ्या आणि साथीशिवाय, चार आवाजांसाठी बांधा. या देशात ही वाट रुळलेली आहे. याच केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेल्या व्हॉन विल्यम्सने १९०३ च्या डिसेंबरात एसेक्समधल्या इन्ग्रेव्ह गावी एका म्हाताऱ्या मजुराकडून एक गाणं ऐकलं आणि तिथून पुढे वर्षानुवर्षं खेडोपाडी हिंडून शेकडो चाली टिपल्या, काही क्वायरसाठी बांधल्या. त्याचा मित्र गुस्टाव होल्स्ट तर संस्कृत शिकायला लागला, ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः इंग्रजी रूपं केली आणि १९०८ ते १९१२ या काळात त्यांना क्वायरच्या चाली दिल्या. लेकीचं म्हणणं सरळ होतं: “होल्स्टला ऋग्वेद चालतो, मग मला आजीची ओवी का चालू नये?”

पण ओवी आणायची कुठून? मला दोन ओळींच्या पुढे येईना. शेवटी वाईला आईला व्हिडिओ कॉल लावला. आई आता शहाऐंशीची. आधी “अगं, आता कुठला गळा!” झालं, मग “लोक काय म्हणतील” झालं आणि मग एकदा सुरू झाली ती वीस मिनिटं थांबली नाही. लेकीने सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

चाल पाचच सुरांची: सा, रे, ग, प, ध. आम्ही दोघी लिहायला बसलो. मी भातखंडे पद्धतीने सरगम लिहिली, तिने ‘डो, रे, मी’. तेव्हा तिच्याकडूनच कळलं की आपल्यासारखा सरकता सा इंग्रजांकडेही आहे. केंब्रिजहून साठेक मैलांवरच्या नॉरिचमध्ये सेरा ग्लोव्हर नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकात मुलांना गाणं शिकवायला ही अक्षरांची पद्धत काढली, आणि जॉन कर्वेनने ती ‘टॉनिक सोल-फा’ म्हणून देशभर नेली. डो कुठेही धरा, बाकीचे त्याच्या मागोमाग. तीस वर्षं या देशात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी तिने पहिला खर्डा ऐकवला. इथल्या नाताळच्या गाण्यांचा एक लोकप्रिय साचा आहे. १९६१ साली निघालेल्या ‘कॅरल्स फॉर क्वायर्स’ या पुस्तकाने तो घरोघर पोचवला. आधीच्या एखाद्या कडव्यात सगळे एकाच सुरात, मधे चार आवाज, आणि शेवटी मूळ चालीच्या वर सोप्रानोंची एक वेगळी उंच ओळ, डेस्कँट. लेकीने ओवी त्याच साच्यात बसवली होती. काम स्वच्छ. कुठे चूक काढायला जागा नाही.

“कशी वाटली?”

“छान आहे गं. पण...” आणि तोंडातून निघून गेलं, “ही आपली नाही राहिली.”

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे मी आपली नाही का?” एवढंच म्हणून ती वर खोलीत निघून गेली. मंडळी, इकडे वाढलेल्या मुलांना आपण हे वाक्य किती सहज बोलतो! आणि त्यांना ते कुठे लागतं, ते आपल्या लक्षात येत नाही. रात्री मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, “चुकलंच माझं. पण काय खटकतंय ते शोधू या का?”

शोधलं तर ते सापडलं. ओवीची चाल आपल्या भूपाजवळची. मध्यम नाही, निषाद नाही. आता तीन सुरांच्या नेहमीच्या कॉर्ड या पाच सुरांतून किती निघतात? मोजून दोन: सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकी प्रत्येकीत म नाहीतर नी लागतोच. आणि पाश्चात्य पद्धतीत ओळ संपताना जी घरी आल्याची भावना होते, ती बरीचशी नी वरून सा वर येण्यात असते. लेकीने खालच्या आवाजांत म आणि नी घातले होते. नियमाने बरोबर, पण प्रत्येक ओळ चर्चच्या दारात जाऊन थांबत होती. ओवीला असं थांबायचंच नसतं. दळण संपेपर्यंत ती फिरतच राहते.

हे आम्हाला नीट कळलं ते आईमुळे. दुसऱ्या दिवशी नातीने तोच खर्डा तिला फोनवर ऐकवला. आईने डोळे मिटून ऐकलं, कौतुक केलं, आणि मग साधेपणाने विचारलं, “सगळं छान आहे गं बाळ, पण यात जातं कुठाय?”

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे.

दुसऱ्या खर्ड्यात तिने म आणि नी काढून टाकले. बासना शब्दच दिले नाहीत. ओठ मिटून फक्त सा आणि प, तंबोऱ्यासारखे, पण जात्याच्या फेऱ्यागणिक एकदा चढणारे आणि एकदा उतरणारे. घरघर अखंड राहायला हवी, म्हणून बासचे दोन गट केले; एक श्वास घेतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो. वर सोप्रानो आणि आल्टो या समोरासमोर बसलेल्या दोघी. एकीची ओवी संपायच्या आत दुसरी तीच चाल उचलते. भूपात एकमेकांना अगदी चिकटून असलेले सूर नाहीत, म्हणून ओळी अंगावर आल्या तरी टोचत नाहीत. आणि अक्षरांचं गणित तिने ईव्हनसाँगच्या स्तोत्रांवरून घेतलं: एका सुरावर हवी तितकी अक्षरं, मग पुढे. खालच्या दोन आवाजांनी वाट सोडून फक्त साथ धरली होती, पण या वेळी तिच्या शिक्षकांनी कागदाच्या कडेला लिहिलं की आता हे गाणं स्वतःच्या पायावर उभं आहे.

शब्द उतरवून घेताना तिने एकदा विचारलं, “आई, यात ‘लंडन’ कुठून आलं? आजीच्या ओवीत लंडन?”

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मधल्या एका ओवीत आई म्हणत होती की लेक लंडनला गेली, तिचा निरोप यायला उशीर होतो, तोवर मी दळण मोठं घेते. जात्यावरच्या ओव्या अशाच वाढतात. ज्या बाईच्या मनात जे असेल ते ती चालीत घालते. मी १९९१ च्या सप्टेंबरात निघाले तेव्हा आई रडली नव्हती. बाबा रडले, काकू रडली. आई डबे भरत होती. मला इतकी वर्षं वाटायचं, हिला काही वाटलंच नाही का? ती मला कधी बोलली नाही. जात्याला बोलली होती. आणि ते माझ्यापर्यंत पोचायला माझ्या मुलीला युनिव्हर्सिटीत होमवर्क मिळावा लागला.

टर्मच्या शेवटी वेस्ट रोडवरच्या संगीत विभागात मुलांनी एकमेकांची कामं गायली. सोळा गाणारे, मराठी एकही नाही. तालमीच्या आदल्या आठवड्यात मी फोनवर उच्चार रेकॉर्ड करून दिले होते. जात्याचा ‘ज’ जहाजाचा नव्हे, ‘दळण’मध्ये ळ आणि ण दोन्ही, एकापाठोपाठ! वेल्सहून आलेल्या एका मुलाला ळ सगळ्यांत आधी जमला, याचा लेकीला फार आनंद झाला. मी मागच्या रांगेत फोन उंच धरून बसले होते. पलीकडे वाईला रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि आई पदर सावरून बसली होती.

आधी फक्त घरघर सुरू झाली. मग पहिली ओवी, मग तिच्यावर दुसरी. लंडनची ओवी लेकीने एकट्या आल्टोला दिली होती, बाकी सगळे गप्प, खाली जातं तेवढं फिरतंय. मी काय ऐकलं ते लिहून सांगता येणार नाही. गाणं संपल्यावरही बास थोडा वेळ चालू राहिले आणि मग हळूहळू थांबले.

वाचकहो, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ सालापासून ‘पारी’ ही संस्था त्या क्रमाक्रमाने लोकांसमोर आणते आहे. त्या जरूर ऐका. पण त्यात तुमच्या घरची ओवी असेलच असं नाही. ती तुमच्या आईकडे, सासूकडे, मावशीकडे असेल, आणि ती विचारल्याशिवाय सांगणार नाही. पुढचा फोन लावाल तेव्हा हवापाणी झाल्यावर तेवढं विचाराच.

टाळ्या थांबल्यावर मी फोन कानाला लावला. “आई, ऐकलंस का?”

“ऐकलं की,” आई म्हणाली. “झालं दळण. आता पीठ नीट भरून ठेवा.”